कँब्रियनची सीमा

कसारा घाटातून नाशिककडे जाताना समोरच्या डोंगरकड्यांकडे पाहिले, म्हणजे दगडाचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक रचलेले दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकामागून एक पसरून हे थर झाले. तळचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हे कोणालाही सहज पटेल. तथापि हा नियम शास्त्र म्हणून प्रथम मांडला गेला तो १६६९ साली, आणि तो मांडणारे डॅनिश शरीरशास्त्रज्ञ नील्स स्टेन्सन ऊर्फ स्टेनो हे पुढे कॅथलिक धर्मगुरू व बिशप झाले. १९८८ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना 'धन्य' घोषित केले.

स्टेनोंच्या नियमाने थरांचा क्रम कळू लागला, वय मात्र कळेना. आमच्यासारख्या नोंदवह्या सांभाळणाऱ्यांना ही अवस्था चमत्कारिक वाटेल: बाप्तिस्म्यांचा अनुक्रम पक्का, परंतु एकाही नोंदीपुढे तारीख नाही! पृथ्वीच्या इतिहासाचे बहुतेक कालखंड, म्हणजे भूवैज्ञानिकांचे 'कल्प', अशा तारखा नसलेल्या वहीवरच आखले गेले. कोणत्या थरात कोणते जीवाश्म सापडतात, एवढाच आधार होता. इंग्लंडमध्ये कालव्यांची मोजणी करणाऱ्या विल्यम स्मिथ यांनी त्याच आधारावर १८१५ साली देशाचा भूवैज्ञानिक नकाशा छापला.

या आखणीत माणसांचे काय होते, हे पाहायचे तर वेल्सच्या डोंगरांकडे वळले पाहिजे.

ॲडम सेज्विक हे अँग्लिकन धर्मोपदेशक आणि केंब्रिजचे भूविज्ञानाचे प्राध्यापक. जमिनीवर पसरलेला गाळ व गोटे नोहाच्या जलप्रलयाने आणले, असे ते पूर्वी मानीत. पुरावा तसा नाही हे ध्यानात येताच १८३१ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ते मत जाहीरपणे मागे घेतले. धर्मोपदेशकाने, तेही त्या काळी, भर सभेत असे करणे सोपे नव्हते. आम्हांला त्यांच्याविषयी आदर वाटतो तो प्रथम या गोष्टीसाठी.

त्याच वर्षी त्यांनी उत्तर वेल्समध्ये काम सुरू केले. तेथील पाटीचा दगड अतिशय जुना, घड्या पडलेला आणि त्यात जीवाश्म थोडे. त्यांचे मित्र रॉडरिक मर्चिसन, हे पूर्वाश्रमीचे सैनिक, त्याच सुमारास वेल्सच्या सीमाभागातून वरच्या, म्हणजे नव्या, थरांकडून खाली उतरत होते. त्यांना जीवाश्मांची रेलचेल मिळाली. १८३५ साली दोघांनी मिळून आपापले कल्प जाहीर केले. सेज्विकांचा 'कँब्रियन', कारण वेल्सचे लॅटिन नाव कँब्रिया. मर्चिसनांचा 'सिल्युरियन', कारण तेथे पूर्वी सिल्युर नावाची जमात राहत असे. एकाचा कल्प संपतो तेथे दुसऱ्याचा सुरू होतो, अशी दोघांची समजूत होती.

ती चुकीची ठरली. सेज्विकांच्या बाला येथील चुनखडकात जे जीवाश्म निघाले, तेच मर्चिसनांच्या कॅराडॉक वालुकाश्मात होते. म्हणजे तोच काळ दोघांच्या वहीत, दोन नावांनी! मर्चिसन म्हणाले, हे सारे सिल्युरियनच. सेज्विक म्हणाले, कँब्रियन. मर्चिसन १८५५ साली सरकारी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संचालक झाले, आणि नकाशांवर त्यांचेच नाव छापले जाऊ लागले. मर्चिसनांनी दोन वेगळ्या वयांचे वालुकाश्म एकत्र केले होते, हे सेज्विकांनी दाखवून दिले, आणि ते खरेही होते. परंतु तोवर वाद शास्त्राच्या पलीकडे गेला होता. जुनी मैत्री तुटली, भूवैज्ञानिक संस्थेशीही सेज्विकांचे बिनसले. मर्चिसन १८७१ साली वारले, सेज्विक १८७३ साली. ज्या मनुष्याने जलप्रलयावरचा आपला हक्क सोडला, त्याला बालाचा चुनखडक सोडवेना. आम्ही याचे नवल करीत नाही.

तोडगा काढला तो एका शाळामास्तरांनी. चार्ल्स लॅपवर्थ स्कॉटलंडमधील गॅलाशील्स गावी शिकवीत. मॉफॅटजवळच्या डॉब्स लिन या ओढ्याच्या घळीत काळ्या शेलमध्ये ग्रॅप्टोलाइट नावाच्या समुद्री जीवांचे करवतीच्या पात्यासारखे ठसे सापडतात. लॅपवर्थांनी एकेक थर तपासून कोणता ठसा कोठे संपतो व कोठे नवा येतो, याची नोंद केली. १८७९ साली त्यांनी सुचविले की, वादग्रस्त थरांचे जीवाश्म वरच्यांहून निराळे आणि खालच्यांहूनही निराळे आहेत, तेव्हा त्यांना स्वतंत्र कल्प माना. नाव दिले 'ऑर्डोव्हिसियन', उत्तर वेल्सच्या दुसऱ्या एका जमातीवरून. आंतरराष्ट्रीय मान्यता मिळायला १९६० साल उजाडले.

वहीत तारखा पडल्या त्या विसाव्या शतकात, खडकांतील युरेनियमचे शिसे होते त्या गतीवरून. आर्थर होम्स यांनी १९११ साली नॉर्वेच्या एका खडकाचे वय ३७ कोटी वर्षे काढले. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरविले. कँब्रियन सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला, सिल्युरियन सुमारे ४४ कोटी. म्हणजे दोन मित्र भांडले ते पृथ्वीच्या आयुष्याच्या दहाव्या हिश्शासाठीही नव्हे. कँब्रियनपूर्वीची चारशे कोटी वर्षे त्यांच्या वादात नव्हतीच.

आता प्रत्येक सीमेसाठी जगात एक ठिकाण निवडून तेथील विशिष्ट थराशी ती बांधली जाते. सिल्युरियनच्या आरंभाची खूण १९८०च्या दशकात डॉब्स लिनच्या घळीतच निश्चित झाली. आपल्या मेघालयातील मावम्लुह गुहेतील चुनखडीच्या स्तंभावरून ४२०० वर्षांपूर्वी सुरू झालेला 'मेघालयन' कालखंड २०१८ साली मान्य झाला. मानवाच्या नावाने नवा कालखंड सुरू करावा, हा प्रस्ताव २०२४ साली मतदानाने फेटाळला गेला, आणि ते मतदान नियमानुसार झाले की नाही, यावरही वाद झालाच.