नोकरीचं नाव होतं 'कॉम्प्युटर'

धाडहून रोज एसटीनं बुलढाण्याला कॉलेजला जाणाऱ्या पोरींच्या घरी ही पोस्ट जरूर वाचावी. "घरात इंग्रजी नाही, पोरीला कॉम्प्युटर काय जमणार?" हे आपल्याकडं अजून ऐकू येतं, म्हणून लिहितोय.

कॅथलीन मॅकनल्टी, घरची 'के'. जन्म १२ फेब्रुवारी १९२१, आयर्लंडातलं क्रीस्लॉ हे खेडं. तेव्हा आयर्लंड इंग्रजांशी लढत होतं आणि वडील जेम्स त्या लढ्यात होते. पोरगी जन्मली त्याच रात्री त्यांना पकडून नेलं. दोन वर्षं तुरुंग. १९२४ ला हे कुटुंब अमेरिकेत, फिलाडेल्फियाला आलं. बाप दगडी बांधकाम करणारा गवंडी. तीन वर्षांच्या केला इंग्रजीचा शब्द येत नव्हता, घरात फक्त आयरिश. पुढं इंग्रजी शिकली, पण प्रार्थना मात्र जन्मभर आयरिशमध्येच.

१९४२ ला गणितात पदवी घेतली. कॉलेजच्या ९२ मुलींच्या तुकडीत गणितवाल्या मोजून तीन! महायुद्ध सुरू होतं, लष्कराला गणित येणाऱ्या मुली हव्या होत्या. जाहिरात पाहून के गेली. पगार वर्षाला १६२० डॉलर. आणि अशा आकडेमोड करणाऱ्या माणसालाच तेव्हा 'कॉम्प्युटर' म्हणत, बरं का. तोफेचा गोळा कसा जाईल, कुठं पडेल, याचं एक गणित टेबलावरच्या यंत्रानं करायला तीस-चाळीस तास लागायचे.

त्यासाठीच 'एनियाक' बनलं. तीस टनांचं धूड, अठरा हजारांच्या आसपास व्हॉल्व्ह. ते चालवायला १९४५ ला सहा मुली निवडल्या, त्यात के. पुस्तक नाही, शिकवणारं कुणी नाही. सुरुवातीला तर यंत्राच्या खोलीतही जायची परवानगी नव्हती, हातात फक्त नकाशे. त्यावरून कोणती वायर कुठं जोडायची, कोणतं बटण कसं ठेवायचं, हे त्यांनी स्वतः शोधलं. आज ज्याला प्रोग्रॅमिंग म्हणतात, ते हेच.

फेब्रुवारी १९४६ ला जाहीर प्रात्यक्षिक झालं. गोळा जमिनीवर पडायच्या आत यंत्रानं त्याचं गणित सोडवलं. वाहवा यंत्र बनवणाऱ्या पुरुषांची. रात्रीच्या मेजवानीचं या सहाजणींना आमंत्रणसुद्धा नव्हतं.

१९४८ ला केनं एनियाकचे एक जनक जॉन मॉकली यांच्याशी लग्न केलं. ते विधुर, दोन लेकरं आधीची, पुढं पाच झाली. नोकरी सुटली. १९७३ ला कोर्टानं एनियाकचं पेटंट रद्द केलं, १९८० ला मॉकली गेले. त्यांच्या कामाची बाजू मांडणारा लेख केनं १९८४ ला लिहिला. नवऱ्यासाठी लिहिलं, स्वतःचं नाव लोकांना माहीतच नव्हतं!

ऐंशीच्या दशकात कॅथी क्लाइमन या विद्यार्थिनीनं जुने फोटो पाहिले. यंत्रापाशी बाया उभ्या, पण फोटोओळीत त्यांची नावं नाहीत. विचारलं तर उत्तर मिळालं, त्या मॉडेल असतील. (फोटोओळ लिहिणाऱ्या आम्हा मंडळींनी हे लक्षात ठेवावं.) क्लाइमननं पिच्छा सोडला नाही, म्हातारपणी त्यांना गाठून मुलाखती घेतल्या. १९९७ ला सहाजणींचा गौरव झाला. के २००६ ला गेली.

आयर्लंडनं २०१९ मध्ये आपल्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटरचं नाव लोकांच्या मतानं ठरवलं. नाव निवडलं 'के'.