विशेष वकील

ब्रिटनमधील तरतूद, आपल्याकडील विशेष सरकारी वकिलाशी गल्लत करू नये. शीख राजकारणात सक्रिय असलेल्या करमजीत सिंग चहल यांना राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन भारतात धाडण्याचे ब्रिटिश सरकारने ठरवले आणि १९९० पासून त्यांना कैदेत ठेवले. त्यांचे म्हणणे ऐकणाऱ्या सल्लागार मंडळापुढे वकील नेण्याची मुभा नव्हती. नोव्हेंबर १९९६ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ही पद्धत अपुरी ठरवली. त्यानंतर १९९७ च्या कायद्याने विशेष स्थलांतर अपील आयोग आणि हे वकील आले. असा वकील गोपनीय पुरावा पाहतो, बंद दालनात साक्षीदाराची उलटतपासणी घेतो. पण कागद वाचल्यावर, ज्याच्यासाठी उभा आहे त्याच्याशीच आयोगाच्या परवानगीशिवाय बोलू शकत नाही. परवानगी मागितली, तर सरकार पक्षालाही ते कळते. ‘त्या दिवशी तुम्ही कुठे होता?’ एवढ्या एका प्रश्नाच्या उत्तराने आरोप ढासळू शकतो, आणि नेमका तोच विचारता येत नाही. प्रस्तुत संपादकाला ही उणीव गंभीर वाटते. परदेशी नागरिकांच्या बेमुदत स्थानबद्धतेच्या निषेधार्थ इयन मॅकडॉनल्ड या ज्येष्ठ वकिलांनी २००४ मध्ये हे काम सोडले. कॅनडाने मात्र २००८ मध्ये अशीच व्यवस्था स्वीकारली. — संपा.