एकोणऐंशीव्या मिनिटापर्यंत

२४ जून २०१४. ब्राझीलमधील नाताल शहर, विश्वचषकाचा साखळी सामना, उरुग्वे विरुद्ध इटली. ७९व्या मिनिटाला उरुग्वेचा आघाडीपटू लुईस सुआरेझ इटलीचा बचावपटू जॉर्जिओ चिएलिनी याच्या खांद्याला चावला. हे जगाने पाहिले आहे. त्याआधी काय काय दिसत होते आणि कोणी काय ठरवले, याचा हा घटनाक्रम.

३ वर्षे ११ महिने आधी. २ जुलै २०१०, जोहान्सबर्ग

विश्वचषकाची उपांत्यपूर्व लढत. उरुग्वे १, घाना १. अतिरिक्त वेळेचा शेवटचा क्षण. घानाच्या डॉमिनिक अदियाचा हेडर गोलरेषेवर पोहोचतो. तिथे उभा असलेला सुआरेझ चेंडू हाताने अडवतो. लाल कार्ड, पेनल्टी. असामोआ ग्यानचा फटका आडव्या खांबाला लागून वर जातो. मैदानाबाहेर निघालेला सुआरेझ ते पाहून आनंदाने उड्या मारतो.

पेनल्टी शूटआउटमध्ये उरुग्वे ४-२ने जिंकतो. ३४ लाखांच्या आसपास लोकसंख्येचा हा देश ४० वर्षांनी उपांत्य फेरीत पोहोचतो. मायदेशी सुआरेझ नायक ठरतो.

चार दिवसांनी केप टाउनमध्ये नेदरलँड्सविरुद्ध उपांत्य सामना. लाल कार्डामुळे सुआरेझ संघात नाही. उरुग्वे २-३ने हरतो.

ही पहिली सूचना होती: सामना तो वाचवतो, भरपाई संघ पुढच्या सामन्यात करतो. घानाविरुद्धच्या विजयाच्या गजरात ती कोणाच्या कानावर गेली नाही.

३ वर्षे ७ महिने आधी. २० नोव्हेंबर २०१०, ॲमस्टरडॅम

नेदरलँड्सच्या लीगमध्ये आयाक्स विरुद्ध पीएसव्ही. आयाक्सचा कर्णधार सुआरेझ पीएसव्हीच्या ओत्मान बक्कलला मानेजवळ चावतो. पंचांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. शिक्षा: ७ सामन्यांची बंदी.

बंदी संपण्याआधीच, जानेवारीच्या अखेरीस, इंग्लिश क्लब लिव्हरपूल त्याला २ कोटी २८ लाख पौंडांना विकत घेतो.

१ वर्ष २ महिने आधी. २१ एप्रिल २०१३, लिव्हरपूल

चेल्सीविरुद्धच्या सामन्यात सुआरेझ ब्रानिस्लाव्ह इव्हानोविचच्या दंडाला चावतो. पंचांना याही वेळी दिसत नाही. तो मैदानात राहतो आणि भरपाई वेळेच्या सातव्या मिनिटाला बरोबरीचा गोल करतो. सामना २-२.

शिक्षा: १० सामन्यांची बंदी. आधीच्या बंदीप्रमाणे हीसुद्धा देशांतर्गत सामन्यांपुरती. राष्ट्रीय संघाला तिची झळ लागत नाही.

१ वर्ष आधी. २३ जून २०१३, रेसिफे

बंदीचे सहा सामने शिल्लक असताना सुआरेझ उरुग्वेकडून कॉन्फेडरेशन्स चषक खेळत असतो. ताहितीविरुद्ध तो दोन गोल करतो आणि दिएगो फोर्लानला मागे टाकून देशाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरतो.

त्याची किंमत मांडायची तर आकडे तयार होते. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ११ गोल, दक्षिण अमेरिकेत सर्वाधिक. पुढच्या मोसमात इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये ३३ सामन्यांत ३१ गोल. स्वभाव मांडायला असा आकडा नव्हता. दोन चाव्यांची नोंद क्लबांच्या खात्यावर होती, गोलांची नोंद देशाच्या. प्रशिक्षक ऑस्कर तबारेझ यांच्यासमोर संघनिवडीच्या वेळी उरुग्वेच्या बाजूचा हिशेब जवळपास कोरा होता. त्यात ठळक असा घानाविरुद्धचा हातच होता, आणि तो जमेच्या बाजूला लिहिलेला होता.

३३ दिवस आधी. २२ मे २०१४, मॉन्टेव्हिडिओ

सुआरेझच्या गुडघ्यातील मिनिस्कसवर शस्त्रक्रिया होते. विश्वचषकातील उरुग्वेचा पहिला सामना २३ दिवसांवर असतो. तरीही त्याला २३ जणांच्या संघात ठेवले जाते. महिनाभर एकच प्रश्न चघळला जातो: गुडघा टिकेल का? फिजिओ वॉल्टर फेरेरा स्वतः कर्करोगावर उपचार घेत असूनही त्याच्यासोबत राबतात.

गुडघ्यासाठी दिवसांचे वेळापत्रक होते. दुसऱ्या, म्हणजे स्वभावाच्या, जोखमीसाठी वेळापत्रक करायचे कोणाला सुचले नाही.

१० दिवस आधी. १४ जून, फोर्तालेझा

सुआरेझ राखीव खेळाडूंच्या बाकावर. उरुग्वे १, कोस्टा रिका ३.

आता चर्चेला जागाच उरत नाही. तो हवाच.

५ दिवस आधी. १९ जून, साओ पाउलो

इंग्लंडविरुद्ध सुआरेझ ३९व्या मिनिटाला हेडरने गोल करतो. ७५व्या मिनिटाला वेन रूनी बरोबरी साधतो. ८५व्या मिनिटाला सुआरेझ पुन्हा गोल करतो. उरुग्वे २-१. शस्त्रक्रियेला २८ दिवस झालेले असतात. गोल झाल्यावर तो धावत जाऊन फेरेरांना मिठी मारतो.

गुडघा टिकला होता.

सामन्याचा दिवस. २४ जून, दुपारी १.००, नाताल

आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. अरेना दास दुनास मैदान. दोन्ही संघांचे ३ गुण. गोलफरक इटलीचा सरस, त्यामुळे इटलीला बरोबरी पुरेशी. उरुग्वेला जिंकावेच लागणार.

७९ मिनिटे उरलेली.

२३वे मिनिट

इटलीच्या मारिओ बालोटेलीला पिवळे कार्ड. हाही गुणवत्ता आणि स्वभाव यांच्या वादात सापडलेला आघाडीपटू. मध्यंतरात इटलीचे प्रशिक्षक चेझारे प्रांदेली त्याला बाहेर बसवतात. दुसरे कार्ड मिळाले तर संघ दहा जणांचा होईल, हा धोका त्यांना घ्यायचा नसतो.

३३वे मिनिट

सुआरेझचा फटका गोलरक्षक बफन अडवतो. लगेच उरुग्वेच्या लोदेइरोचाही अडवतो. मध्यंतर: ०-०.

५९वे मिनिट

इटलीच्या क्लाउडिओ मार्किसिओचा बूट उरुग्वेच्या अरेव्हालो रिओसच्या नडगीवर. मेक्सिकोचे पंच मार्को रॉड्रिगेझ लाल कार्ड दाखवतात. इटलीचे दहा, उरुग्वेचे अकरा.

२० मिनिटे उरलेली. पारडे उरुग्वेकडे झुकलेले.

६६व्या मिनिटाच्या सुमारास

सुआरेझला मोकळी संधी. बफन पुन्हा अडवतो. जिंकायलाच हवा असा सामना, प्रतिस्पर्ध्यांत एक खेळाडू कमी, समोर न हलणारा गोलरक्षक आणि संपत चाललेली वेळ. लिव्हरपूलमध्ये चेल्सीविरुद्ध तो चावला तेव्हाही त्याच्या संघाला गोल हवा होता.

१३ मिनिटे उरलेली.

७८वे मिनिट

तबारेझ बदल करतात. क्रिस्तियान रॉड्रिगेझ बाहेर, गास्तोन रामिरेझ आत. हा त्यांचा तिसरा आणि अखेरचा बदल.

७९वे मिनिट

इटलीच्या गोलक्षेत्रात सुआरेझ आणि चिएलिनी. चेंडू दोघांपाशी नाही. सुआरेझचे डोके चिएलिनीच्या डाव्या खांद्यावर जाते. चिएलिनीचे कोपर त्याच्या चेहऱ्याकडे. दोघेही खाली. सुआरेझ बसून दात धरतो. चिएलिनी जर्सी खाली ओढून पंचांना खांद्यावरच्या खुणा दाखवतो.

पंचांनी पाहिलेले नसते. व्हिडिओ पाहून निर्णय बदलण्याची सोय या स्पर्धेत नसते. ती चार वर्षांनी येते. तिसऱ्यांदा तेच घडते: पंच पाहत नाहीत, कॅमेरा पाहतो, तो मैदानात राहतो.

८१वे मिनिट

रामिरेझचा कॉर्नर. कर्णधार दिएगो गोडिन उडी घेतो, चेंडू त्याच्या पाठीला लागून जाळ्यात. उरुग्वे १-०.

हा गोल चाव्यामुळे झाला नव्हता. तो चाव्याशिवायही होऊ शकला असता.

सामन्यानंतर

उरुग्वे बाद फेरीत, इटली स्पर्धेबाहेर. प्रांदेली त्याच दिवशी राजीनामा देतात.

२५ जून, सायंकाळी ५.००

बाजू मांडण्यासाठी फिफाने दिलेली मुदत. सुआरेझचे म्हणणे: तोल गेला आणि चेहरा चिएलिनीवर आदळला.

२६ जून

निर्णय येतो. ९ आंतरराष्ट्रीय सामन्यांची बंदी. ४ महिने फुटबॉलशी संबंधित कोणत्याही गोष्टीत भाग नाही. १ लाख स्विस फ्रँक दंड. या वेळी बंदी देशाच्या सामन्यांवरही आहे. पुढचा सामना दोन दिवसांवर.

२८ जून, रिओ द जानेरो

माराकाना मैदानावर कोलंबियाविरुद्ध सुआरेझच्या जागी ३५ वर्षांचा फोर्लान खेळतो. हामेस रॉड्रिगेझ २८व्या आणि ५०व्या मिनिटाला गोल करतो. कोलंबिया २-०. उरुग्वेचा विश्वचषक संपतो.

३० जून

सुआरेझ चाव्याची कबुली देऊन चिएलिनीची माफी मागतो. ११ जुलैला बार्सिलोना त्याला घेत असल्याचे जाहीर करतो. किंमत लिव्हरपूलने मोजलेल्या रकमेच्या जवळपास तिप्पट सांगितली जाते.

२४ जून २०१५, सान्तियागो

बरोबर एक वर्ष झालेले. कोपा अमेरिका, उपांत्यपूर्व फेरी. गतविजेता उरुग्वे यजमान चिलीकडून ०-१ने हरतो. चार सामन्यांत संघाचे दोनच गोल झालेले. सुआरेझची बंदी अजून चालू.

२५ मार्च २०१६, रेसिफे

नऊ सामने पूर्ण. ब्राझीलविरुद्ध सुआरेझ परततो आणि बरोबरीचा गोल करतो. २-२. त्याची गुणवत्ता जिथल्या तिथे असते.

तिच्याबद्दल शंका कधीच नव्हती, आणि वाद तिथेच अडकला. एका पारड्यात गोल, दुसऱ्यात स्वभाव. गोल जड भरले की स्वभावाचा विषय बंद. केप टाउनमध्ये २०१० सालीच दिसले होते की त्याच्या स्वभावाची किंमत तो खेळत असलेल्या सामन्यात मोजावी लागत नाही, पुढच्या सामन्यात मोजावी लागते, आणि ती बाकीचे मोजतात. क्लबकडे पैसा असतो. तो दुसरा आघाडीपटू विकत घेऊ शकतो. देशाला दुसरा सुआरेझ विकत घेता येत नाही. म्हणून क्लबला परवडलेला हिशेब उरुग्वेला परवडणार नव्हता. त्याला संघात घेणे चूक नव्हते. त्याला घेताना गुडघ्याची जितकी काळजी केली, तितकी या दुसऱ्या जोखमीची केली नाही, ही चूक होती. आणि ती सुधारायला जवळपास चार वर्षे हातात होती.