गुळाचा चुना, शेणाची माती

मी गवंडी, ब्रह्मपुरीकडचा. आमच्या झाडीपट्टीत चिखलाचं शहाणपण बायांचं आणि चुन्याचं शहाणपण माणसांचं, अशी वाटणीच होती.

आमचं घर बांबूच्या कुडाचं. पावसाळा सरला की माय बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठची माती आणायची. गेल्या साली राखलेलं धानाचं तणस विळ्यावर बोटभर कापून त्यात टाकायची आणि पाणी घालून चार-सहा दिवस सडू द्यायची. रोज पायांनी तुडवायची. आंबूस वास सुटला, माती बोटांना तार धरू लागली, की म्हणायची, "आली माती." मग शेण घालून छपाई. वाळताना माती आकसते आणि फाटते. तणसाचे धागे तो ताण वाटून घेतात, म्हणून मोठी भेग पडत नाही. सडलेल्या तणसाचा चिकटपणा मातीला बांधतो. हे मला फार उशिरा कळलं. मायला कारण विचारलं असतं तर तिने मला पाणी आणायला पिटाळलं असतं.

पुढे मोठेबाबांनी, म्हणजे थोरल्या काकांनी, मला चंद्रपूरला वाड्यांच्या डागडुजीवर नेलं. वर्धेपलीकडच्या राजूरच्या भट्टीतला कळीचा चुना भिजवायचा, खड्ड्यात मुरवायचा, मग रेतीसोबत घाण्यात दळायचा. गिलाव्याच्या पाण्यात गूळ आणि बेलफळाचा गर. बेलाच्या बियांभोवतीचा डिंकासारखा चिकट रस चुन्याला लोण्यासारखा करतो. गोड पाण्यात चुना जास्त विरघळतो, आणि कमी पाण्यातही थापीखाली सरकतो. पण गूळ माणसाला मोहात पाडतो. एकदा मी अंदाज सोडून ओतला, तर भिंत आठवडाभर ओलीच, वर मुंग्यांची रांग. मोठेबाबा काही बोलले नाहीत; सगळं खरवडायला लावलं.

गूळ आमच्याकडे दुरून आणावा लागत नसे. कोहळी लोकांनी तलाव बांधले, त्यांच्या पाण्यावर ऊस केला. तरी गुळाचा गिलावा मालगुजाराच्या वाड्यालाच. आमच्या कुडाला शेण.

चंद्रपूरचा परकोट गोंड राजांचा; 1751 साली राज्य नागपूरच्या भोसल्यांकडे गेलं. जटपुरा दरवाजापाशी कुणी पाहुण्यांना "दगडात गूळ-उडीद आहे" असं छातीठोक सांगू लागला की मला हसू येतं. घडीव दगडाच्या सांध्याला काय हवं आणि तळहातासारख्या गुळगुळीत गिलाव्याला काय हवं, यात फरक असतो.

2016 साली वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे धागे सापडल्याचं छापून आलं. अजिंठ्याच्या चित्रांखालच्या मातीत तर धानाचा तूसही आहे. ऐकून मला माय आठवली. पण जुन्या बांधकामाच्या गप्पांत गूळ, बेल, हिरडा यांचीच नावं येतात. तणसाचं नाव कुणी घेत नाही. ती उस्तादाची गुप्त विद्या नव्हती ना!

आता गडचांदूरकडच्या कारखान्यांचं सिमेंट सगळीकडे आहे. मीही लावलं, आमच्याच मागच्या कुडावर. दोन पावसाळ्यांत आतली ओल बाहेर निघेना आणि थर पापुद्र्यासारखा सुटला. सुनेनं पुन्हा मातीच लिंपली. हार्वेस्टरनं धान कापल्यापासून लांब तणस मिळत नाही, म्हणून तिनं कोंडा घातला. चालतं, भेगा जरा जास्त पडतात.