जागा बदलणारी चूक

मे महिन्यातल्या दुपारी, बडोद्याच्या घरात, माझा लिनक्सचा संगणक कर्नल कम्पाइल करता करता मध्येच थांबायचा. पडद्यावर ‘सिग्नल ११’ ही चुकीची सूचना. पुन्हा सुरू केलं की पुन्हा थांबायचा, पण दुसऱ्याच फाइलवर. तेच काम रात्री दोन वाजता बिनतक्रार पार पडायचं.

ओळखीचा कारागीर म्हणाला, “रॅम काढा, रबर मारा.” रॅमच्या सोनेरी टोकांवर बसलेला थर शाळकरी खोडरबराने घासून काढायचा, हा आपल्याकडचा पहिला उपाय, पुष्कळदा लागूही पडतो. माझ्याकडे पडला नाही.

जागा बदलणाऱ्या या चुकीचा अर्थ १९९० च्या दशकात डच प्रोग्रामर रॉजियर वुल्फ यांनी लिहून ठेवला. कम्पाइलर दर वेळी एकाच ओळीवर अडत असेल तर दोष प्रोग्रामचा. अडण्याची जागा फिरत असेल तर यंत्राचा, बहुधा मेमरीचा. अशी पारख पोथ्यांच्या अभ्यासातही चालते. आमच्या शहरातल्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत काढली. त्यातलं अयोध्याकांड आणि युद्धकांड डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादलं. अनेक पोथ्यांत एकच चूक दिसली तर ती मूळ पोथीतून उतरलेली, एकाच पोथीत दिसली तर त्या लेखकाचा हात चुकलेला, असं संपादक ताडतात. वुल्फ यांची कसोटी मला याच घराण्यातली वाटते.

पण मेमरीला ताडून पाहायला दुसरी पोथी नसते. मग आपणच ठाऊक असलेला मजकूर लिहायचा आणि परत वाचायचा. क्रिस ब्रेडी यांनी १९९४ मध्ये लिहिलेला ‘मेमटेस्ट८६’ हेच करतो. एक नमुना सगळीकडे भरतो, वाचतो, लगेच त्याचा उलटा नमुना लिहितो, आणि मग हीच फेरी शेवटाकडून सुरुवातीकडे मारतो. लिनक्स चालू असताना त्याने व्यापलेली जागा अशी तपासता येत नाही, म्हणून हा प्रोग्राम लिनक्सच्या आधी, एकटाच सुरू होतो. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत तो स्वतः बसलेला असे ती जागाही सुटत नसे: उठून दुसरीकडे जाई आणि मागे राहिलेली जागा तपासे. मला यातलं हे सगळ्यात आवडतं.

दुपारचंच दुखणं का, याचं उत्तर आणखी जुनं आहे. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेत प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो गळतो, म्हणून आजच्या रॅममध्ये साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. उष्णतेत गळती वाढते. चिप ८५ अंशांच्या वर गेली की दुप्पट वेळा भरतात. एखादा दुबळा कपॅसिटर रात्री तग धरतो, आमच्या मे महिन्यात धरत नाही.

म्हणून मी चाचणी भर दुपारी लावली, पंखा बंद ठेवून, एका वेळी रॅमची एकच पट्टी खाचेत बसवून. पहिली पट्टी स्वच्छ निघाली. दुसरीवर तिसऱ्या फेरीत लाल ओळी उमटल्या, प्रत्येक वेळी त्याच पत्त्यावर. पट्टी खाच बदलून बसवली, तरी तोच पत्ता.

असा पत्ता हाती आला की पट्टी टाकायलाच हवी असं नाही. नेदरलँड्सचेच रिक व्हॅन राइन यांनी २००० च्या सुमारास ‘बॅडरॅम’ लिहून तेवढा तुकडा लिनक्सला वगळायला शिकवलं. आज कर्नलला ‘मेममॅप’ सूचना देऊनही ते जमतं. मी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता कम्पाइल लावलं, आणि ते शेवटच्या फाइलपर्यंत गेलं.