धाव, टायर आणि भाच्याची गाडी

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. दिवाळी, पाहुणे, गुडघे... कारणं नेहमीचीच. नात्यातल्या वाचकांना ही हकिगत फोनवर अर्धीमुर्धी कळलेली आहे, पण फोनवर इतिहास सांगता येत नाही. कुणी ऐकून घेत नाही! इथे निदान कुणी मध्येच "बरं, ठेवते हं" म्हणत नाही.

तर झालं असं. भाऊबीजेला माझा भाऊ पुण्याहून माळेगावला आला. गाडी भाच्याची. जर्मन बनावटीची, लांबलचक, आठ वर्षं वापरलेली गाडी त्याने गेल्या वर्षी दुसऱ्याकडून घेतली. आतून एखाद्या मंत्र्याच्या गाडीसारखी. भाऊ, भाचा, सूनबाई आणि दोन चिमण्या अशी पाच माणसं. गाडी अंगणात लावून भाचा खाली वाकला आणि तसाच राहिला. पुढच्या डाव्या टायरच्या कुशीला लिंबाएवढा फुगा आला होता. वाटेत एका खड्ड्यात गाडी जोरात आदळली होती म्हणे.

"आत्या, हा एवढा टायर बदलला की झालं," तो म्हणाला. मी काही बोलले नाही. मला एकदम वेगळंच चाक आठवलं होतं.

आमचं लहानपण लाकडी चाकाच्या गाडीतलं. आरे, तुंबा आणि वरून लोखंडी धाव. धाव बसवायचा दिवस म्हणजे आम्हा पोरांना जत्राच. लोहार शेणकुटांचा गोल जाळ करून त्यात धाव लाल होईपर्यंत तापवायचा. मग तिघंचौघं सांडशीने ती उचलून चाकावर चढवायचे, लाकूड धुरायला लागायचं आणि वरून पाण्याच्या घागरी. चर्र आवाज व्हायचा, लोखंड आकसायचं आणि चाक असं आवळलं जायचं की पुढे कितीतरी वर्षं काळजी नको. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल झालीच तर चाक पाण्यात टाकून ठेवायचं. धाव निवडायची नसायची. लोहार देईल ती धाव. शब्द तरी काय सुंदर आहे बघा. जी धावते ती धाव.

पण धाव रस्ता कापते. ऊस भरलेली गाडी ओल्या रानात रुतली की बैलांचे डोळे बाहेर यायचे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर आमच्या भागात ऊस आला, पन्नासच्या दशकात आमच्या माळेगावचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि मग रस्त्यावर टायरगाड्या दिसायला लागल्या. दोन रबरी चाकं, लोखंडी आस, वर लांब साटा. उत्तरेत अशा गाडीला चक्क 'डनलॉप'च म्हणतात.

हा डनलॉप कोण, ते वर्गात सांगायला मला फार आवडायचं. जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टर. मुलाची तीनचाकी सायकल फरशीवर खडखडते म्हणून १८८८ मध्ये त्याने रबराच्या नळीत हवा भरून ती चाकाला गुंडाळली. पेटंटही मिळालं. दोन वर्षांनी कळलं की रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने हेच १८४५ मध्ये नोंदवून ठेवलेलं आहे! थॉमसनच्या वेळी मोटारी नव्हत्या, सायकलींचं वेडही नव्हतं, म्हणून त्याचा शोध तसाच पडून राहिला. आणि त्याही आधी, १८३९ मध्ये, अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरने गंधक घालून रबर तापवलं आणि ते उन्हात चिकट, थंडीत ठिसूळ व्हायचं थांबलं. हा माणूस कर्जातच मेला. त्याच्या नावाची मोठी कंपनी १८९८ मध्ये दुसऱ्याच लोकांनी काढली, केवळ त्याच्या सन्मानार्थ. असो. जनावरांच्या डॉक्टरचं नाव शेवटी बैलांच्या गाडीला लागलं, हे मात्र मला छान वाटतं.

बैलांचं भलं झालं का, हा प्रश्न वेगळा. टायरमुळे ओढ हलकी झाली हे खरं. पण लाकडी गाडीत जेमतेम टनभर माल असायचा, टायरगाडीत दोन टन आणि त्याहून जास्त ऊस चढायला लागला. जेवढी सोय झाली तेवढं ओझं वाढलं. उतारावर तर उलटंच. लाकडी गाडी स्वतःच्या जडपणाने रेंगाळायची. टायरगाडी पळते, आणि ब्रेक नसेल तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो.

मी नववी-दहावीत असेन. शाळेतून येताना आमच्या पुढे उसाची एक टायरगाडी चालली होती. बीडकडची तोडणीवाली जोडी. नवरा पुढे जुवाजवळ, बायको उसावर, तिच्या मांडीवर तान्हं मूल. टायरला आतून गेटर लावलेला दिसत होता, म्हणजे फाटक्या टायरच्या आत जुन्या टायरचा तुकडा घालून केलेली मलमपट्टी. चारीवरच्या पुलाआधी बंदुकीसारखा बार झाला आणि गाडी एका अंगाला बसली. बाई मुलासकट उसाबरोबर खाली आली. दोघांना फार लागलं नाही. पण जू पिळवटून उजवा बैल खाली गेला आणि त्याचा पाय मोडला. तो माणूस बैलाच्या तोंडाशी बसून राहिला. रडला नाही, ओरडला नाही. तोडणीवाले टायरगाड्या बहुधा भाड्याने घेतात, म्हणूनच आमच्याकडे 'टायर सेंटर' आणि 'गाडी सेंटर' असे शब्द आहेत. त्याच्या चाकात कुठला टायर असावा हे त्याने ठरवलेलं नव्हतं. ठरवणारा त्या वेळी पुलावर नव्हता.

भाचा "एवढा एकच टायर" म्हणाला तेव्हा मला हे आठवत होतं. सांगितलं मात्र नाही. सणाच्या दिवशी कशाला.

दुसऱ्या दिवशी बारामतीला गेलो, गाडी अगदी हळू चालवत. दुकानात शिरले तर मालक उठून उभा. "बाई, तुम्ही?" माझा विद्यार्थी! इतिहासात काठावर पास व्हायचा, आता टायरांचं मोठं दुकान आहे. त्याने फुगा बोटाने दाबून बघितला आणि म्हणाला, "हा दुरुस्त होत नाही, बाई. आतले धागे तुटलेत."

मग मी त्याची विद्यार्थिनी झाले. जुन्या टायरात नायलॉनचे पदर एकमेकांवर तिरके असायचे, घोंगडीच्या विणीसारखे. मिशलिन कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचं पेटंट घेतलं. त्यात धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि जमिनीला लागणाऱ्या भागाखाली पोलादी पट्टा असतो. टायर कमी तापतो, जास्त टिकतो, रस्ता घट्ट धरतो. पण कुशीची बाजू पातळ राहते, आणि खड्ड्याची कड नेमकी तिथेच लागते. आपल्या देशात रेडियल आणला जे.के. टायरने, १९७७ मध्ये. रस्ते तसे नसल्यामुळे तो पसरायला मात्र बरीच वर्षं गेली.

आमच्या पिढीला टायर 'निवडायचा' असतो हेच माहीत नव्हतं. डनलॉपचा बंगालमधल्या सहागंजचा कारखाना १९३६ चा, फायरस्टोनचा मुंबईत शिवडीचा १९४० च्या सुमाराचा. मग १९४२ मध्ये जपानने मलाया घेतलं, रबराचे मळे गेले आणि टायरांवर रेशनिंग आलं. सिएट १९५८ मध्ये मुंबईत आली. नाव इटालियन, मूळ गाव तुरीन. एम.आर.एफ.ची सुरुवात तर १९४६ मध्ये मद्रासला मुलांच्या खेळण्यातल्या फुग्यांपासून झाली! आणि मोठ्या गाड्यांचं म्हणाल तर शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या त्या कारखान्यात आधी डॉजसारख्या ऐसपैस अमेरिकन गाड्या जुळवल्या जायच्या, फियाट नंतरची. पुण्यात मर्सिडीज जुळवायला लागले १९९५ मध्ये. पण टायरच्या दुकानात गेल्यावर "जो आहे तो घ्या" हीच पद्धत कितीतरी वर्षं होती.

आता उलट झालंय. टायरच्या कुशीवर एवढं लिहिलेलं असतं की शिलालेख वाचल्यासारखं वाटतं. भाच्याच्या टायरवर होतं २२५/५५ आर १७, पुढे ९७ डब्ल्यू. २२५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ५५ म्हणजे कुशीची उंची रुंदीच्या पंचावन्न टक्के. आर म्हणजे रेडियल, १७ इंचांची रिम. ९७ हा वजनाचा आकडा, एका टायरला ७३० किलो. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटर.

"सर, मी शंभराच्या वर जात नाही. मग डब्ल्यू कशाला? कमी अक्षराचा स्वस्तात द्या," भाचा म्हणाला.

विद्यार्थी म्हणाला, "ते अक्षर नुसतं वेगाचं नाही, टायर किती तापणं सोसेल त्याचं आहे. दाराच्या चौकटीवर कंपनीने जो आकडा लावलाय त्याच्या खाली मी जाणार नाही." मी मनात त्याचे इतिहासाचे मार्क वाढवले.

मग वयाचा प्रश्न. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. भाच्याच्या चारही टायरांवर ३५१७ होतं, म्हणजे २०१७ सालचा पस्तिसावा आठवडा. गाडीबरोबर आलेलेच टायर! नक्षी अजून चांगली दिसत होती. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर, इथे चार तरी असेल. त्यामुळेच तो निर्धास्त होता. पण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. नक्षी झिजलेली डोळ्यांना दिसते, वय वाचावं लागतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहाच्या पुढे वापरूच नका, असं टायर कंपन्याच सांगतात.

"बरं, मग दोन घेऊ. पुढे नवे लावू," भाचा एक पायरी वर आला.

"दोनच घेणार असाल तर नवे मागे लागतील," विद्यार्थी म्हणाला. यावर दोघांचा चांगलाच वाद झाला. स्टिअरिंग पुढे, मग नवे टायर मागे कशाला? तर पुढचं चाक घसरलं की स्टिअरिंगवर हाताला कळतं, गाडी सरळ जाते आणि वेग कमी करून सावरता येते. मागचं घसरलं की कळेपर्यंत गाडी फिरलेली असते. मला हे पटलं. मागच्या सीटवर कोण बसतं हेही मला माहीत होतं.

आणखी एक पेच होता. या गाडीत स्टेपनीच नाही. टायर रनफ्लॅट, म्हणजे कुशीला जादा जाड थर, हवा गेली तरी साधारण ऐंशीच्या वेगाने ऐंशी किलोमीटर जातो. जाड, कडक आणि महाग. साधे घेतले तर गाडी मऊ चालेल, पैसे वाचतील, पण रात्री मोरगाव-जेजुरीच्या मध्ये पंक्चर झालं तर काय? एका टायरची किंमत वीस हजारांच्या घरात. माझा सुरुवातीचा पगार महिना तीनशेच्या आसपास होता, म्हणजे एक टायर म्हणजे माझी पाच वर्षांची नोकरी! त्यात हा आकार सहज मिळत नाही. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने टायरांची आयात परवान्याखाली आणली, तेव्हापासून मोठ्या गाड्यांच्या काही मापांना थांबावं लागलं, असं तो सांगत होता.

तेवढ्यात भाच्याने पुण्यातल्या एका दुकानाला फोन लावला. चारही रनफ्लॅट तयार आहेत, भरपूर सवलत, आजच पाठवतो! भाचा खूश. मी म्हटलं, "अरे, ते चार आकडे विचार." पलीकडून आधी टाळाटाळ, मग फोटो आला. चार वर्षांपूर्वीचे. नवेकोरे, न वापरलेले, आणि चार वर्षांचे.

भाचा गप्प बसला. बराच वेळ मोबाइलवर हिशेब करत होता. मी बाहेर बाकावर जाऊन बसले. समोरून उसाच्या गाड्या कारखान्याकडे चालल्या होत्या, हंगाम नुकताच सुरू झाला होता. शेवटी त्याने येऊन विचारलं, "आत्या, तू काय करशील?"

तेव्हा मी त्याला पुलाची गोष्ट सांगितली. थोडक्यात सांगितली. बैलाचं सांगितलं, त्या बाईच्या मांडीवरच्या मुलाचं सांगितलं.

त्याने चार नव्या रनफ्लॅट टायरांची आगाऊ रक्कम भरली. माल यायला सहा दिवस लागणार होते. भाऊ, सूनबाई आणि मुली एसटीने पुण्याला गेल्या (मुलींना एसटीच जास्त आवडली!). भाचा इथेच राहून लॅपटॉपवर काम करत बसला. कित्येक वर्षांनी तो माझ्या हातची भाकरी सलग सहा दिवस जेवला. टायर आले तेव्हा आधी मी चष्मा लावून चारही आकडे वाचले. अडीच महिन्यांपूर्वीचे. विद्यार्थी हसत म्हणाला, "बाई, अजून पेपर तपासायची सवय गेली नाही."

जुने चार टायर त्याच्याकडेच राहिले. फुगा आलेल्या टायरवर त्याने आमच्यासमोर पांढऱ्या रंगाने मोठी फुली मारली, कुणाच्या गाडीला पुन्हा लागायला नको म्हणून. संध्याकाळी सातला भाच्याचा फोन आला, हडपसर ओलांडलं म्हणून. गाडी जरा कडक चालते, म्हणाला.