जावरच्या भिंती

आम्ही बादशहांच्या सनावळ्या पाठ केल्या. खाणीत उतरणाऱ्यांची नावे आम्हाला कुणी शिकवलीच नाहीत. उदयपूरच्या दक्षिणेला, अरवलीच्या डोंगरात जावर आहे. दोन हजार वर्षांपूर्वीपासून तिथे शिशा-जस्ताचे खनिज खोदले जात होते. अबुल फजलही ‘आईन-ए-अकबरी’त अजमेर सुभ्यातल्या जस्ताच्या खाणीची नोंद करतो. खोदणारा कोण, ते मात्र लिहीत नाही.

शिसे चटकन वितळून हाती येते. जस्त मात्र भट्टीत वाफ होऊन उडते. जावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी भट्टीत उलट्या लावल्या, एका वेळी ३६. वाफ खाली उतरवून थंड केली. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्ताचे पेटंट घेतले ते १७३८ साली, कित्येक शतकांनंतर!

वापरलेल्या मुशी एकदाच कामाच्या. लोकांनी त्याच रचून घरांच्या भिंती उभारल्या.